पंचविशीतला पार्किन्सनिझम : दुर्मीळ कारणं, तपासण्या, अनुभव

शनिवारातली

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं पाककृती आणि भटकंतीच्या विभागात रेंगाळले, आरोग्य विभागात हा पहिलाच धागा.

माझा आतेभाऊ, वय २६, हिंजवडीत नोकरी, राहायला कोथरूडला आईवडिलांजवळ. गेल्या वर्षीपासून चालताना त्याचा उजवा पाय आत वळायला लागला. थोडं अंतर चाललं की पायाची बोटं आवळून तळव्याखाली जायची, चप्पल निसटायची. दहा मिनिटं बसलं की सुटायचं. सकाळी उठल्यावर गडी ठणठणीत, आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरताना पाय ओढत यायचा. आधी बुटांवर संशय, मग बी १२, मग हाडांच्या एका डॉक्टरांनी कमरेत नस दबलीय म्हणून ट्रॅक्शन लावलं. खरी गोष्ट आत्याच्या लक्षात आली. चहात साखर ढवळताना याचा चमचा दोन-तीन वेढे घेतो, मग लहान लहान होत मध्येच थांबतो. सहीही बारीक होत गेली होती, इतकी की बँकेने चेक परत केला.

न्यूरॉलॉजिस्टनी अंगठा आणि तर्जनीची टकटक करायला लावली, कॉरिडॉरमध्ये चालवून पाहिलं, आणि कागदावर लिहिलं : 'यंग ऑनसेट पार्किन्सनिझम, कारण शोधणे'. थरथर अजिबात नाही. एमआरआय नॉर्मल. डोळे, रक्त, लघवी अशा तपासण्या चालू आहेत, नंतर जीनची चाचणी म्हणाले.

आमच्या डोक्यात पार्किन्सन्स म्हणजे सत्तरीतले आजोबा. २६ व्या वर्षी हे कुठून आलं? काकांच्या मते लॅपटॉपमुळे, आजीच्या मते दृष्ट लागली. आणि एक गोष्ट : आत्याचं लग्न तिच्या सख्ख्या आतेभावाशी झालेलं आहे. डॉक्टरांनी ते दोनदा विचारलं, तेव्हापासून आत्या फारसं बोलतच नाही. जाणकारांनी लिहावं.

टेकडीवरचा

कवचबीजाचं चूर्ण द्या दुधातून. माझ्या मामांना कंपवातात फार गुण आला. अॅलोपथीच्या नादी लागलात की गोळ्या वाढतच जातात. बाकी रोज तळजाईची टेकडी.

वाचनमात्र

वाचतेय. काळजी घ्या ताई.

हातोडीवाला

मी न्यूरॉलॉजीत आहे, पुण्यातच. इथे कोणावर उपचार करत नाही, सर्वसाधारण माहिती देतो.

आधी टेकडीवरच्यांचं. कवचबीज म्हणजे खाजकुयली, आणि तिच्यात खरंच लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सचं मुख्य औषध, असतो. म्हणून तर मामांना गुण आला. पण आम्ही देतो त्या गोळीत लेव्होडोपासोबत कार्बिडोपा असतो. त्यामुळे औषध मेंदूत पोचायच्या आत रक्तातच संपत नाही आणि मळमळ कमी होते. शिवाय चमचाभर चुरणात लेव्होडोपा किती गेला ते कोण मोजणार? गोळ्या चालू असताना वरून चूर्ण घेणारे लोक हातपाय वेडेवाकडे हलतात म्हणून दाखवायला येतात, आणि चूर्ण घेतल्याचं शेवटी सांगतात.

आता मूळ प्रश्न. पार्किन्सनिझम हा लक्षणांचा संच आहे. हालचाल मंदावणं त्यात असायलाच हवं, जोडीला ताठरपणा किंवा विश्रांतीत असतानाची थरथर. थरथर नसली तरी निदान होतं. जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये वर्णन केलेला आजार हे या संचाचं सगळ्यात मोठं कारण, पण एकमेव नव्हे. साठीत हा संच दिसला तर बहुतेक वेळा तोच निघतो. ५० च्या आत सुरू झाला तर तरुणपणीचा म्हणतात, काही जण ४० ची रेघ धरतात. २१ च्या आतला तो ज्युवेनाइल. वय जितकं खाली, तितकी दुर्मीळ कारणांची शक्यता वर.

आमच्याकडे यात एक क्रम पाळतात, आणि या धाग्यातून एकच गोष्ट घ्यायची तर हा क्रम घ्या : ज्यावर नेमका उपचार आहे ते आधी शोधायचं, जीन मागाहून. महाग तपासणी आधी करून स्वस्त तपासणी राहून गेलेली मी बरीच पाहिली आहे.

सुरुवात घरातल्या गोळ्यांपासून. चक्कर येते म्हणून कुणी लिहून दिलेली सिनॅरिझिन किंवा फ्लुनारिझिन, उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड, मानसोपचारातली बरीचशी औषधं डोपामिनचं, म्हणजे हालचालींसाठी मेंदूला लागणाऱ्या रसायनाचं, काम अडवतात आणि पार्किन्सन्सचं हुबेहूब चित्र उभं करतात. चक्करेची गोळी आपल्याकडे एकदा चालू झाली की जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून वर्षानुवर्षं आणली जाते. ही औषधं थांबवली की माणूस बहुधा काही महिन्यांत सुधारतो. पण थांबवायची डॉक्टरला विचारूनच.

मग विल्सन. तरुण माणसातला पार्किन्सनिझम म्हणजे 'विल्सन नाही' असं सिद्ध होईपर्यंत विल्सनच समजायचा. किनियर विल्सन यांनी १९१२ मध्ये याचं वर्णन केलं. एटीपी७बी हा जीन बिघडला की यकृताला जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकता येत नाही. ते आधी यकृतात साठतं, मग मेंदूच्या बेसल गँग्लिया या हालचाल सांभाळणाऱ्या भागात आणि बुबुळाच्या कडेला. यासाठी डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी, रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) आणि २४ तासांच्या लघवीतलं तांबं, या तिन्ही गोष्टी कराव्यात. एकटं सेरुलोप्लाझ्मिन नॉर्मल आलं म्हणून फाइल मिटू नये, काही विल्सनमध्ये ते नॉर्मल असतं.

तिसरं डोपा रिस्पॉन्सिव्ह डिस्टोनिया, जपानच्या सेगावांच्या नावानेही ओळखतात. डिस्टोनिया म्हणजे स्नायू आपोआप आवळून हात-पाय वळणं. मेंदूत डोपामिन बनवायच्या साखळीतलं एक एन्झाइम कमी पडतं, पेशी मात्र मरत नाहीत. बहुधा लहानपणीच पाय वळायला लागतो, सकाळी बरा, दिवस चढेल तसा वाईट. सेरेब्रल पाल्सीचा शिक्का बसून मुलं वर्षानुवर्षं कॅलिपर घालून फिरतात, आणि लेव्होडोपाच्या अगदी लहान डोसवर चालायला लागतात. तुमच्या भावाचं वर्णन वाचून हेही मनात येतंच. पण झोपेनंतर बरं वाटणं हे पार्किन नावाच्या जीनच्या आजारातही दिसतं. म्हणून थांबू या.

चौथी गोष्ट पुण्यात मी आवर्जून विचारतो : गॅस गीझर बाथरूमच्या आत आहे का? खिडकी बंद, वाफ भरलेली, आणि आत कुणी बेशुद्ध सापडलं होतं का? कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाल्यावर माणूस शुद्धीवर येतो, घरी जातो, आणि काही आठवड्यांनी त्याची हालचाल गोठायला लागते. तिथे एमआरआयमध्ये ग्लोबस पॅलिडस या भागात दोन्ही बाजूंना डाग दिसतात. तुमच्याकडे एमआरआय नॉर्मल आहे, तेव्हा हे जवळपास बाद.

मेंदूच्या पेशी झिजवणाऱ्या दुर्मीळ आजारांबद्दल संध्याकाळी लिहितो, ओपीडीची वेळ झाली.

दोन_मुलींची_आई

डॉक्टरांनी विल्सन लिहिलंय म्हणून लॉगिन केलं, एरवी मी नुसतीच वाचत असते.

मोठी दहावीत असताना तिचं अक्षर बिघडलं. बोलणं घोगरं झालं, वहीवर लाळेचे डाग पडायला लागले, आणि वर्गात उगाच हसायची. शाळेतून चिठ्ठी आली की मुलगी लाडावली आहे, लक्ष नाही. समुपदेशन झालं, रागाच्या गोळ्या झाल्या, त्यांनी तर ती जास्तच ताठ झाली. शेवटी चष्म्याचा नंबर काढायला गेलो तिथल्या डॉक्टरीणबाई यंत्राला डोळा लावून बराच वेळ गप्प बसल्या. मग मला म्हणाल्या, तुम्हीच बघा. बुबुळाच्या काळ्या भागाला कडेने सोनेरी-तपकिरी कडं होतं. दागिन्याला असतं तसं. कायझर-फ्लायशर रिंग म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं.

आमच्या सासूबाईंचं माहेर तांबट आळीच्या अगदी जवळ. घरात तांब्याचं घंगाळ, मठारकाम केलेली कळशी, रात्रभर पाणी ठेवायचा तांब्या. 'तांब्याचं पाणी पोटाला चांगलं' म्हणून तिला लहानपणापासून रोज उपाशीपोटी पेलाभर. निदान ऐकल्यावर सासूबाईंनी काही न बोलता सगळी भांडी पोत्यात बांधून माळ्यावर टाकली, आणि कितीतरी दिवस त्यांना वाटत होतं की आपणच नातीला विष पाजलं. डॉक्टरांना त्यांना मुद्दाम भेटायला बोलावून समजावावं लागलं की आजार भांड्याने होत नाही, जन्मतः असतो. पण झालेल्याला तांबं वर्ज्य. काजू-शेंगदाणे, चॉकलेट, मशरूम, खेकडे, कलेजी हेही सुरुवातीला बंद होतं.

एक सांगते, जे आम्हाला आधीच सांगितलं म्हणून निभावलो. पेनिसिलामाइन (तांबं शरीराबाहेर काढणारं औषध) सुरू केल्यावर ती आधी आणखी बिघडली. चमचा धरता येईना. हे होऊ शकतं असं माहीत नसतं तर आम्ही औषध फेकूनच दिलं असतं. आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, स्कूटर चालवते, भांडते.

आणि धाकटीला काही म्हणजे काही त्रास नव्हता. डॉक्टरांनी हट्टाने तिच्या तपासण्या केल्या, तिलाही निघाला. ती लक्षणं येण्याआधीपासून झिंकवर आहे. सख्ख्या भावंडांना तपासाच.

हातोडीवाला

दोन_मुलींची_आई, तुमचा शेवटचा परिच्छेद आमच्या वॉर्डात लावायला हवा. भावंडाला तोच आजार असायची शक्यता चारात एक असते. आणि औषध जन्मभर. बरं वाटतंय म्हणून कॉलेजच्या वयात गोळ्या सोडणारी मुलं फार वाईट अवस्थेत परत येतात.

आता राहिलेलं. इथून पुढचे आजार खरोखर दुर्मीळ, तेव्हा कुणी स्वतःला किंवा भाच्याला चिकटवून घेऊ नका.

पार्किन जीनवर जास्त लिहितो, कारण विशीत सुरू होणाऱ्या आनुवंशिक पार्किन्सनिझमचं ते सगळ्यात जास्त आढळणारं कारण. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी शोधला. पेशीतली जी मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा देणारी केंद्रं, निकामी झाली त्यांवर खूण करून त्यांची विल्हेवाट लावायला या जीनचं प्रथिन लागतं. आधी पिंक१ नावाचं प्रथिन खराब मायटोकॉन्ड्रिया ओळखतं, मग पार्किनला बोलावतं. दोघांतलं कुणीही गैरहजर असेल तर कचरा साठतो आणि डोपामिन बनवणाऱ्या पेशी लवकर मरतात. म्हणून पिंक१ बिघडला तरी चित्र तसंच दिसतं. डीजे-१ हा तिसरा, त्याहून दुर्मीळ. सुरुवात पुष्कळदा पाय वळण्याने होते, लेव्होडोपाला उत्तम दाद, आजार संथ, स्मरणशक्ती सहसा शाबूत. वासही शाबूत असतो. नेहमीच्या पार्किन्सन्समध्ये हिंगाच्या फोडणीचा वास येईनासा होतो, तो इथे येत राहतो. वाईट बाजू एवढीच की औषधामुळे होणाऱ्या अनैच्छिक हालचाली या रुग्णांत लवकर येतात.

पीएलए२जी६ हा जीन आपल्या भागासाठी महत्त्वाचा. विशी-तिशीत पार्किन्सनिझम आणि डिस्टोनिया घडवणारं त्याचं रूप २००९ मध्ये भारतीय आणि पाकिस्तानी कुटुंबांत ओळखलं गेलं. हा आजार वेगाने जातो, मानसिक लक्षणं आणि बुद्धीवर परिणाम बरेचदा असतो. गंमत बघा, याच जीनमुळे तान्ह्या बाळांत पूर्णपणे वेगळा, फार क्रूर आजार होतो.

पँक२ जीनच्या आजारात मेंदूत लोह साठतं आणि एमआरआयवर वाघाच्या डोळ्यासारखी खूण दिसते. याला पूर्वी दोन जर्मन डॉक्टरांचं नाव होतं. नाझी राजवटीत मारलेल्या लोकांचे मेंदू त्यांनी संशोधनाला वापरले होते, म्हणून ते नाव टाकून दिलं, आणि बरं झालं. एटीपी१३ए२ चा आजार जॉर्डनमधल्या कुफ्र राकेब या गावाच्या नावाने ओळखला जातो. त्यात नजर वर नेता येत नाही. नजर वर-खाली नेता न येणं, प्लीहा मोठी असणं आणि हसताना एकदम अंगातली ताकद जाऊन खाली बसणं, असं एकत्र दिसलं तर नीमन-पिक सी शोधायचा. लहानपणी मोतीबिंदू, सततचे जुलाब आणि घोट्यामागच्या धोंडशिरेवर (टेंडनवर) गाठ असेल तर सेरेब्रोटेंडिनस झँथोमॅटोसिस. त्यावर औषध आहे म्हणून मुद्दाम लिहिलं. मेंदूत कॅल्शियम साठलेलं दिसलं तर रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड आधी बघा.

नगरकर

डॉक्टर, हंटिंग्टन राहिला. त्यात हातपाय नाचतात असं सगळे सांगतात. आमच्या चुलत घरात सतरा वर्षांच्या पोराचं अंग उलट लाकडासारखं होत गेलं, नाचणं नावाला नाही. वडिलांना पुढे चाळिशीत लक्षणं आली तेव्हा कोडं सुटलं. म्हणजे मुलाचं आधी दिसलं, बापाचं नंतर.

हातोडीवाला

बरोबर, राहिलाच. २० वर्षांच्या आत सुरू होणारा हंटिंग्टन बरेचदा ताठरपणा आणि मंदपणा घेऊनच येतो, त्या रूपाला वेस्टफालचं नाव आहे. या जीनमध्ये सीएजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. निरोगी माणसात ती ३५ पेक्षा जास्त वेळा नसतात, इतक्या लहान वयात आजार येतो तिथे बहुधा ६० च्या वर. वडिलांकडून मुलाकडे जाताना ही माळ लांबते, म्हणून मुलाचं आधी दिसलं. तुमच्या घरातल्या बाकीच्यांनी, ज्यांना लक्षणं नाहीत, त्यांनी चाचणी करायची की नाही हे प्रत्येकाने स्वतः, सज्ञान झाल्यावर, जेनेटिक काउन्सेलरशी बोलून ठरवायचं. सासरच्यांनी किंवा कंपनीने नाही.

रोखठोक

कटू वाटेल पण लिहितो. नात्यात लग्नं करायची आणि मग नशिबाला बोल लावायचा. मामाच्या पोरीची हौस पुरे करा आता.

शनिवारातली

रोखठोक, आत्या १९ वर्षांची होती. तिला कुणी विचारलंही नव्हतं. धागा तिला वाचून दाखवायचा विचार होता, आता दाखवणार नाही.

पिपेट

मी जेनेटिक्सच्या लॅबमध्ये काम करते. रोखठोक यांना आकड्यांतच उत्तर देते. सख्ख्या आते-मामे भावंडांचे जीन सरासरी आठव्या हिश्श्याने सारखे असतात. त्यामुळे दोन्हींकडून तोच बिघडलेला जीन मिळायची शक्यता वाढते, हे खरं. पण वाढते म्हणजे होतोच असं नाही. अशी लाखो लग्नं महाराष्ट्रात झाली, त्यांतल्या बहुसंख्य घरांत निरोगी मुलं आहेत. आणि आमच्याकडे येणाऱ्या रिसेसिव्ह, म्हणजे जीनच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच होणाऱ्या, आजारांच्या नमुन्यांत नातं नसलेली जोडपी भरपूर असतात, कारण पिढ्यानपिढ्या एकाच पोटजातीत, चार-पाच तालुक्यांत सोयरीक केली तरी फार लांब गेलेलो नसतो. डॉक्टर नात्यातलं लग्न विचारतात ते कुठला जीन आधी शोधायचा हे ठरवायला. दोष द्यायला नाही. आत्याला एवढं जरूर सांगा.

तपासणीबद्दल, कारण इथे लोक फार फसतात. 'सगळे जीन बघितले' असं ऐकलं की कुठली चाचणी ते विचारा. एक्झोम म्हणजे जीनमधल्या प्रथिन बनवणाऱ्या भागाचं वाचन. अक्षरं चुकली असतील तर ते छान पकडतं. पण हंटिंग्टन किंवा एससीए२, एससीए३ (तोल बिघडवणारे आनुवंशिक आजार) सारखी माळ लांबण्याची चूक त्यात सहसा कळत नाही, तिची चाचणी वेगळी. आणि पार्किन जीनमध्ये बरेचदा एक-दोन अक्षरं नाही तर अख्खा तुकडा गळालेला किंवा दुप्पट झालेला असतो. त्यासाठी एमएलपीए नावाची वेगळी चाचणी लागते. एक्झोम निगेटिव्ह आलं आणि डॉक्टरांना पार्किनचा संशय कायम असेल तर ती जरूर मागा. तिसरं, रिपोर्टवर 'अर्थ अनिश्चित' अशा वर्गातला बदल आला तर ते निदान नव्हे. आईवडिलांचं रक्त तपासून त्याचा उलगडा कधी होतो, कधी नाही.

ऑन_ऑफ

पार्किन जीनवाला हजर आहे. निदान ३४ व्या वर्षी, आता ४१. डेक्कनजवळ ऑफिस, कोड लिहितो, हळू लिहितो पण लिहितो.

पुस्तकात सापडत नाहीत त्या गोष्टी सांगतो. गोळी आणि जेवण यांचं वैर आहे. डाळ, पनीर, अंडं यांतली प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यात एकाच दारातून आत जायला धडपडतात. गोळीवर लगेच उसळ-भाकरी खाल्ली की गोळी वाया. मी जेवणाआधी निदान अर्धा तास गोळी घेतो, दुपारी पोहे-उपमा असलं हलकं, प्रथिनं रात्री. मीटिंगला लोक म्हणतात दोन मिनिटं थांब, आणि माझ्या डोक्यात गोळीचं घड्याळ चालू असतं.

दुसरं लाजेचं आहे पण कोणी बोलत नाही. प्रामिपेक्सोल हे डोपामिनसारखं काम करणारं औषध सुरू केलं त्या वर्षी मी ऑनलाइन रमीत पैसे घालवले. मी कधी पाच रुपयांची लॉटरी घेतलेली नाही. बायकोने बँकेचा मेसेज पाहिला आणि थेट डॉक्टरांना फोन केला. या जातीच्या औषधांनी जुगार, खरेदी, खाणं असले नाद लागू शकतात, आणि तरुणांत जास्त. औषध हळूहळू कमी केल्यावर नाद गेला. घरातल्या एका तरी माणसाला हे आधी सांगून ठेवा, कारण नाद लागलेल्याला ते कळत नाही.

पुण्यात असल्याचा फायदा म्हणजे पार्किन्सन्स मित्रमंडळ. बहुतेक जण काका-काकू वयाचे. पहिल्या सभेत मला सगळे कुणाचा तरी मुलगा समजून खुर्च्या मांडायला सांगत होते. मांडल्या. पण बूच कसं उघडायचं, पाय जमिनीला चिकटला की काय करायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. पाय चिकटला की मी फरशीची रेघ बघतो आणि ती ओलांडतो. नुसतं 'चाल' म्हणून चालता येत नाही, 'ओलांड' म्हटलं की येतं.

आणि दिव्यांग कायदा २०१६ च्या यादीत पार्किन्सन्स आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा. मला नोकरीत त्याचा उपयोग झाला.

चिंतातुर_जंतू

अवांतर : १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात तरुण नशेबाज एका रात्रीत पुतळ्यासारखे गोठून हॉस्पिटलात आले होते. कुणीतरी घरगुती प्रयोगशाळेत हेरॉइनसारखं काही बनवताना एमपीटीपी नावाचं विष तयार झालं होतं. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी ते शोधून काढलं, आणि पार्किन्सन्सवर प्रयोग करायचा रस्ता त्यातून उघडला. नशा नको मुलांनो.

शनिवारातली

अपडेट देते. मध्ये बरेच दिवस गेले, माफ करा.

विल्सनच्या तिन्ही तपासण्या नीट आल्या. लेव्होडोपाचा लहान डोस सुरू केला आणि आठवडाभरात पायाची बोटं सैल झाली. आत्या म्हणाली, चमचा पूर्ण फिरवतो आता. सेगावाच असेल असं धरून आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो, पण डॉक्टरांनी ट्रोडॅट स्कॅन करायला लावला, डोपामिनच्या पेशी किती शाबूत आहेत ते दाखवणारा. सेगावात तो नॉर्मल येतो म्हणाले. याचा कमी आला, दोन्ही बाजूंना. मग एक्झोम. त्यात काही नाही. पिपेटताईंचा प्रतिसाद मी छापूनच नेला होता, पण डॉक्टरांनी आपणहूनच एमएलपीए लिहिलं. पार्किन जीनच्या दोन्ही प्रतींत तोच तुकडा गळालेला आहे.

भाऊ स्वतः बरा आहे. म्हणाला, नाव तरी मिळालं, आता गुगल कमी करेन. आत्याला पिपेटताईंचं उत्तर तेवढं वाचून दाखवलं, रोखठोक गाळून. ती उठून दिवा लावायला गेली, आणि मग बऱ्याच दिवसांनी जेवताना बोलली.

आता नवा घोर. त्याची धाकटी बहीण २३ ची, तिला स्थळं बघताहेत. काका म्हणतात हे कुठे बोलायचं नाही.

पिपेट

बहिणीला आजार असायची शक्यता चारात एक. तो नाही असं धरलं तर ती वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. वाहक म्हणजे एक प्रत बिघडलेली, आजार नाही. तिच्या मुलांना धोका तेव्हाच, जेव्हा नवराही याच जीनचा वाहक असेल. नात्याबाहेर लग्न झालं तर तसं जुळणं फार क्वचित, आणि हवं तर नवऱ्याची चाचणी करता येते. गळालेला तुकडा कोणता ते आता माहीत आहे, त्यामुळे तिची चाचणी सोपी आहे. पण करायची की नाही, आणि कुणाला सांगायचं, हे तिलाच ठरवू द्या. २३ वर्षांची आहे. तिला विचारलंय का कुणी?

शनिवारातली

नाही विचारलं. आज विचारते.

ऑन_ऑफ

क्लबात स्वागत. भावाला माझा आयडी द्या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांगा. मेंदूत इलेक्ट्रोड बसवायची डीबीएस शस्त्रक्रिया पार्किनवाल्यांना चांगली लागू पडते, पण ते पुढचं पुढे. आधी व्यायाम. तोही दमवणारा, नुसती शतपावली नाही.

शनिवारातली

एक तातडीचं. डोस वाढवल्यापासून त्याला मळमळतंय. काल उलट्या झाल्या म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेला, त्यांनी उलटीचं इंजेक्शन दिलं आणि रात्रभर अंग आखडून होतं. याचा काही संबंध?

हातोडीवाला

असू शकतो. त्याच्या न्यूरॉलॉजिस्टना आजच फोन करा, इंजेक्शनचं नाव विचारून घ्या. मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन असेल तर अशा रुग्णाला ती देत नाहीत, मेंदूतलं डोपामिन अडवतात. मळमळीला डोम्पेरिडोन चालतं, ते सहसा मेंदूत शिरत नाही, पण हृदयाचा ईसीजी बघून आणि त्यांच्या सल्ल्यानेच. आणि घाबरून लेव्होडोपा एकदम बंद करू नका, त्याने ताप येऊन अंग लाकूड होण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. एका कागदावर आजाराचं नाव, चालू गोळ्या आणि 'ही औषधं देऊ नयेत' अशी यादी लिहून लॅमिनेट करून पाकिटात ठेवायला सांगा. यादी त्याच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, त्यात सिनॅरिझिन आणि हॅलोपेरिडॉलही येईल.